सिनेमा, पाणी आणि शहर: वऱ्हाडात राहून पदवी कशी जुळवायची

सिनेमा, पर्यावरण आणि शहर हे तिन्ही विषय एकत्र शिकवणारी पदवी, अशी पाटी अमरावतीतल्या किंवा अकोल्यातल्या कॉलेजवर तुम्हाला दिसणार नाही. पुणे, बेंगळुरू, दिल्लीच्या खासगी विद्यापीठांची माहितीपत्रकं चाळली तर जवळपासचं काही सापडतं. पण तिथली वर्षाची फी ऐकली की घरातली चर्चा चहा संपायच्या आत संपते. त्यात ओसरीवरून आजोबांचा आवाज येतो, "पोट्टं शिनेमा शिकतो म्हन्ते, खाईन काय मंग?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुढे देतो. आधी एवढंच सांगतो की ही पदवी तयार मिळत नसली तरी इथल्या इथे जुळवता येते. जुळवायची रीत मात्र बहुतेक मुलं उलटी धरतात. आधी कॅमेरा घेतात, मग विषय शोधतात, आणि प्रश्न कोणता हे शेवटपर्यंत ठरतच नाही.

हे तीन विषय एकत्र का घ्यायचे, याचं उत्तर अकोला स्टेशनवर आहे. अकोल्याहून अकोट, धूळघाटमार्गे खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी २०१७च्या सुरुवातीला बंद झाली. रूळ रुंद करायचे ठरलं आणि अकोटपर्यंत ते झालेही. पुढचा जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातून जातो, तिथे घोडं अडलं. वन्यजीव अभ्यासकांनी, आणि पुढे राज्य सरकारनंही, जंगल टाळून हिवरखेड, सोनाळा, जामोदच्या बाजूनं मार्ग न्यावा अशी भूमिका घेतली. त्या बाजूच्या गावांना रेल्वे हवीच आहे. जुन्या मार्गावरच्या कोरकू गावांची मात्र होती ती गाडीही गेली. आता हा प्रश्न भूगोलाचा, वन्यजीवशास्त्राचा, नगरनियोजनाचा की राज्यशास्त्राचा? मार्ग बदलला की अकोल्याची बाजारपेठ कोणत्या अंगाला वाढते, वाघांच्या वाटा कुठे तुटतात, घाटातल्या आजारी माणसाला दवाखाना किती लांब पडतो, या तिन्हींची उत्तरं तीन वेगळ्या विभागांच्या कपाटांत बंद आहेत. ती एकत्र मांडायची तर त्या जागी जावं लागतं, पाहावं लागतं आणि पाहिलेलं दुसऱ्याला दिसेल असं करावं लागतं. सिनेमा या अभ्यासात येतो तो त्यासाठी.

आता पदवीचं गणित. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये आलं. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत ते २०२३-२४पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू होत गेलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. नव्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६ क्रेडिट लागतात. एका क्रेडिटमागे साधारण १५ तास वर्ग किंवा ३० तास प्रात्यक्षिक धरतात. यात एक मेजर विषय, एक मायनर, दुसऱ्या विद्याशाखेतला ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे छोटे अभ्यासक्रम, फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ऑन जॉब ट्रेनिंग असे कप्पे आहेत. बहुतेक मुलं हे कप्पे 'जे सोपं जाईल ते' या तत्त्वानं भरतात. तुम्ही ते एकाच प्रश्नाभोवती भरायचे. सगळी युक्ती एवढीच आहे, पण ती पहिल्या सत्रातच करावी लागते. तिसऱ्या वर्षी जाग आली तर भरायला कप्पेच उरलेले नसतात.

मेजर कोणता घ्यावा, यावर माझं मत ठाम आहे. सिनेमा किंवा मास कम्युनिकेशन हा मेजर घेऊ नका. कॅमेरा चालवणं, कापणं, जोडणं अठराव्या वर्षी फोनवर शिकता येतं आणि तुमच्यातली निम्मी मुलं ते शिकलेलीच आहेत. विहिरीचं पाणी खारट का, नाल्यावर वस्ती कशी उभी राहिली, महापालिकेचं बजेट कसं वाचायचं, हे फोन शिकवत नाही. कला शाखेत असाल तर पहिली पसंती भूगोलाला द्या. नकाशा, हवामान, वस्ती आणि जमिनीचा वापर एकाच विषयात मिळतात, शिवाय स्पर्धा परीक्षेत उपयोग होतो म्हणून घरचेही गप्प बसतात. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र त्याच्या खालोखाल. विज्ञान शाखेतल्या मुलांना मी भूगर्भशास्त्र सुचवीन. पूर्णेच्या खोऱ्यात राहून हा विषय ओस पडावा, याचं मला नवल वाटतं. वनस्पतीशास्त्र किंवा प्राणीशास्त्र घेतलंत तर मेळघाट तुमची प्रयोगशाळा आहे. १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्पाची योजना आली तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. मेजर कुठलाही असो, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या टोकाचा घ्या. भूगोलवाल्यानं मराठी किंवा इंग्रजी साहित्य घ्यावं, कारण गोष्ट सांगण्याची शिस्त तिथे लागते. विज्ञानवाल्यानं समाजशास्त्र घ्यावं.

सिनेमाचा भाग स्वयम् पोर्टलवरून भरता येतो. चित्रपट आस्वादाचे आणि चित्रपट अभ्यासाचे अभ्यासक्रम तिथे अधूनमधून लागतात. शिकणं फुकट असतं, प्रमाणपत्रासाठी परीक्षेची फी भरावी लागते. यूजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे ऑनलाइन घेता येतात. मात्र तुमच्या कॉलेजनं तो अभ्यासक्रम आधी मान्य केलेला असला पाहिजे. नाव नोंदवण्याआधी लेखी विचारून घ्या. नंतर "आमच्याकडे हे चालत नाही" असं उत्तर मिळालं तर सहा महिने गेलेच समजा.

प्रवेशाच्या काउंटरवर गर्दी असते, बाबू वैतागलेला असतो, तरी काही प्रश्न विचारल्याशिवाय फॉर्म देऊ नका. मायनर कोणत्या सत्रापासून सुरू होतं आणि दुसऱ्या विद्याशाखेतलं मिळतं का? ओपन इलेक्टिव्हच्या यादीतले विषय खरोखर शिकवले जातात, की शिक्षक नसल्यामुळे सगळ्यांना एकच दिला जातो? फील्ड प्रोजेक्टचा विषय विद्यार्थी ठरवू शकतो का, आणि अहवालासोबत चित्रफीत दिली तर चालते का? चौथं वर्ष, म्हणजे ऑनर्स, याच कॉलेजात होतं का? शेवटच्या प्रश्नाला कॉलेजागणिक वेगळं उत्तर मिळेल. जिथे भूगोलाची प्रयोगशाळा बंद आणि वर्षाची सहल एवढाच फील्डवर्क असेल, तिथे इमारत कितीही चकचकीत असली तरी जाऊ नका. अमरावतीचं शासकीय विदर्भ महाविद्यालय १९२३चं आहे, आधीचं नाव किंग एडवर्ड कॉलेज. जुन्या कॉलेजांचा एक फायदा कुणी सांगत नाही. त्यांच्या ग्रंथालयात गॅझेटियर, जुने जनगणना अहवाल, पिवळे पडलेले नकाशे असतात. ते कपाट उघडून द्या म्हणणारा विद्यार्थी आला की ग्रंथपाल आधी संशयानं बघतात आणि मग चहा सांगतात.

पर्यावरणाचा एक पेपर सगळ्यांनाच असतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१मध्ये दिलेल्या निर्देशांतून तो पदवीच्या सगळ्या शाखांत आला. त्याचा प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून विकत घेतलेली 'घनकचरा व्यवस्थापन' नावाची फाइल, हा रिवाज तुम्हाला ठाऊक असेलच. तुम्ही तो पेपर खरा घ्या. सुकळीच्या कचरा डेपोवर जाऊन या. अमरावतीचा कचरा तिथे पोचेपर्यंत किती हातांतून जातो, ओला-सुका कुठपर्यंत वेगळा राहतो आणि कुठे पुन्हा एक होतो, एवढं पाहिलं तरी फाइल विकत घ्यायची गरज उरत नाही.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न. वऱ्हाडाकडे प्रश्नांची श्रीमंती आहे आणि त्यात पहिला मान पाण्याचा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते. तिच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. माती चिकण, निचरा कमी, आणि क्षार धुऊन जायला वाट नाही. त्यामुळे बोअर मारली तर पाणी लागतं, पण खारं. त्या पाण्यावर ओलीत केलं तर सोडियममुळे जमीन घट्ट होत जाते. हाच खारपाणपट्टा. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला तेव्हा या खोऱ्यातली गावं त्यात मुद्दाम वेगळी धरली गेली. इथवर हा विषय शेतीचा आणि भूगर्भाचा. पण याच पट्ट्यातल्या गावांना पिण्याचं गोडं पाणी लांबून, सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून आणावं लागतं. तेल्हारा तालुक्यातल्या वान धरणाचं पाणी अकोला शहरासाठी राखून ठेवायची गोष्ट निघाली तेव्हा शेतकरी रस्त्यावर आले. अकोल्याची तहान मुख्यतः काटेपूर्णेवर, महानच्या धरणावर भागते. पाऊस हुकला की शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येणार, यावरच गप्पा होतात. तिकडे अमरावती अप्पर वर्धा धरणावर अवलंबून. त्याच धरणाच्या पाण्यावरून नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाच्या वेळी सिंचन आधी की वीज आधी, असा मोठा वाद झाला. आता तिथेच पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क येतो आहे, २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. कारखाना, शेत आणि शहर एकाच धरणातून पितात तेव्हा कुणाचा पेला आधी भरायचा हे कोण ठरवतं? तीन वर्षांच्या पदवीला हा एक प्रश्न पुरून उरेल.

दुसरा प्रश्न नदीचा. अकोल्याची मोर्णा जलपर्णीनं भरली होती. जानेवारी २०१८मध्ये हजारो अकोलेकर ती काढायला नदीत उतरले आणि पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. त्या दिवसाचे फोटो भरपूर आहेत. पण जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. सांडपाणी येत राहिलं तर उपटलेली वेल पुन्हा येतेच. तेव्हा चित्रपट त्या गर्दीच्या दिवसाचा करायचा की नंतरच्या वर्षांचा? माझं उत्तर नंतरच्या वर्षांचा. महिन्यातून एकदा, एकाच पुलावरून, एकाच चौकटीत मोर्णा टिपा. सहा सत्रांत तुमच्याजवळ जे जमेल ते बाहेरून दोन दिवसांसाठी येणाऱ्या चॅनेलवाल्याला जमणारच नाही. इथे राहून शिकण्याचा खरा फायदा हाच आहे.

शहर वाचायचं तर अमरावती उत्तम पुस्तक आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७मध्ये नागपूरला पोचला, पण तो बडनेऱ्यावरून गेला आणि अमरावतीला फाटा मिळाला. कापसाची पेठ एका जागी, मुख्य रूळ दुसऱ्या जागी. १५ ऑगस्ट १९८३ रोजी महापालिका झाली तीही ही दोन गावं जोडूनच. जुन्या अमरावतीभोवती परकोट आहे. त्याच्या वेशी आणि खिडक्या, त्यांना टेकून उभी घरं, आणि कापसाच्या पैशातून आलेले वाडे एका सकाळी पायी पाहून होतात. लक्ष्मण सत्य यांचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' हे १९९७चं पुस्तक आधी वाचून मग फिरलात तर त्याच भिंती वेगळ्या दिसतील. अकोल्यात महापालिका २००१मध्ये आली, पुढे आसपासची गावं हद्दीत घेतली गेली. कालपर्यंत ग्रामपंचायतीला कर भरणारा माणूस आज महापालिकेला भरतो, त्याला बदल्यात काय मिळालं? शिवर किंवा शिवणीला जाऊन विचारा, उत्तरं बोलकी असतात. आणि शहराच्या काठावर जंगल आहेच. पोहरा-मालखेडचं राखीव जंगल अमरावतीला खेटून आहे, विद्यापीठ आणि विदर्भ महाविद्यालयाच्या झाडीत बिबट्या दिसल्याच्या बातम्या येत राहतात. अशा वेळी वसतिगृहातली मुलं रात्री कशी वागतात, कुत्री कुठे गायब होतात, वन विभाग काय सांगतो, एवढ्यावर वीस मिनिटांचा ऐवज आहे.

मुर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी शकुंतला विसरू नका. ब्रिटिश काळात किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखाली नॅरोगेज रूळ पडले ते कापूस वाहायला. १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता गाडी थांबलेली आहे. तिच्यावर हळवे व्हिडिओ खूप झाले. रुळालगतच्या जमिनीचं आणि स्टेशनांभोवतीच्या बाजाराचं काय झालं, हे कुणी नीट पाहिलेलं नाही. तसंच टॉकीजचं. अमरावतीत चित्रा चौक, प्रभात चौक ही नावं सिनेमागृहांवरून पडली. हिंदी चित्रपटांच्या धंद्यात 'सी. पी. बेरार', म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, हे वितरणाचं सर्किट म्हणून अजूनही चालतं, राजकीय नकाशावरून तो प्रांत पुसला गेल्यालाही आता किती दशकं झाली. सिनेमा, शहर आणि जमिनीचा भाव एकाच चौकात पाहायचा असेल तर बंद पडलेल्या टॉकीजचा विषय घ्या. जुने प्रोजेक्टर चालवणारे, पोस्टर रंगवणारे, ब्लॅकनं तिकिटं विकणारे अजून भेटतात, आणि बोलायला उत्सुक असतात.

माहिती कुठून आणायची? महापालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपर्यंत शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात तशी तरतूद आहे. तो मागा. वेबसाइटवर नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. एकच प्रश्न, एकच वर्ष, नेमका कागद, असा अर्ज लिहायला शिका. 'सर्व माहिती मिळावी' असं लिहिलं की 'सर्व' नाकारली जाते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजते. विकास आराखडा नगररचना विभागात पाहायला मिळतो. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, १९६९पासूनचं. खाऱ्या जमिनीवर, कोरडवाहू कापसावर तिथे झालेलं काम विद्यार्थ्याला वाचायला मिळू शकतं, मार्गदर्शकाचं पत्र नेलं तर लवकर मिळतं. गुगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुन्या उपग्रह प्रतिमा मागे नेऊन पाहता येतात. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पहिल्या उन्हाळ्याच्या सुटीत ते शिकून टाकलंत तर नोकरीच्या वेळी तेच पहिलं कामी येईल.

चित्रीकरणाबद्दल थोडं. फोन पुरतो. पैसे खर्च करायचेच तर आवाजावर करा. हजाराच्या आतबाहेर मिळणारा कॉलर माइक चित्रपटाचा दर्जा जितका बदलतो तितका नवा फोन बदलत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, फोन तापून बंद पडतो आणि बोलणारा माणूसही घाईत असतो. नऊच्या आत आणि पाचनंतर काम करा. दुपारी बसून उतरवून घ्या, म्हणजे मुलाखतीतला शब्द न् शब्द लिहून काढा. हे कंटाळवाणं काम जो करतो त्याचा चित्रपट चांगला होतो, असं मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. व्याघ्र प्रकल्पात वन विभागाची आणि रेल्वेच्या जागेत रेल्वेची लेखी परवानगी लागते. ड्रोनसाठी २०२१चे नियम आणि डिजिटल स्काय नकाशा पाहा. अकोल्याला शिवणीची धावपट्टी आहे, अमरावतीत बेलोऱ्याहून एप्रिल २०२५मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली, त्यामुळे कुठेही ड्रोन उडवता येईल असं समजू नका.

आणि मेळघाट. गेली तीन-साडेतीन दशकं मेळघाट म्हटलं की कुपोषण, आणि कुपोषण म्हटलं की आईच्या कडेवरचं खंगलेलं मूल, अशी चित्रं येत राहिली. बालमृत्यू झाले हे खरं, ते दाखवणं गरजेचंही होतं. पण त्या आईला कॅमेऱ्यानं परवानगी विचारली होती का? ते चित्र पुढे कुठे छापून येणार, हे तिला कोरकूत कुणी सांगितलं होतं का? तुम्ही तिथे जाणार असाल तर आधी कॅमेऱ्याविना जा. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाची गोष्ट पाहा. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेनं उजाड जंगल राखलं, सीताफळांचा व्यवसाय उभा केला, आणि २०१४मध्ये गावाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. सीताफळ अमरावती-परतवाड्याच्या बाजारात आणि थेट मुंबईपर्यंत जातं, म्हणजे पुन्हा जंगल आणि शहर. अशा गावात तुम्ही गेलात तर तुम्हालाच चार प्रश्न विचारले जातील. ते चांगलंच. संमतीचा कागद मराठीत साध्या भाषेत लिहा, वाचून दाखवा, आणि 'नको' म्हणणाऱ्याचं चित्रण तिथेच पुसून टाका. अल्पवयीन मुलांचे चेहरे पालकांच्या परवानगीशिवाय नकोतच.

पाहायचं काय? शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) आधी पाहा. दिल्लीतले दोन भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात, त्यातून हवा, कचरा आणि शहरातली भीती एकत्र उलगडते. पाटी न लावता तिन्ही विषय कसे एक होतात, ते तिथे दिसतं. आनंद पटवर्धनांचा 'बॉम्बे: अवर सिटी' (१९८५) झोपडी तोडणारं शहर दाखवतो. अंजली माँतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'साचा' (२००१) नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या सोबतीनं गिरणगाव दाखवतो. पारोमिता व्होरांचा 'क्यू टू पी' (२००६) सार्वजनिक शौचालयांवर आहे. तो पाहून बडनेरा किंवा अकोला बसस्थानकावर जा आणि बायकांसाठी काय सोय आहे ते मोजा. आपल्या मातीतला 'गाभ्रीचा पाऊस' (२००९), सतीश मनवर यांचा. कर्ज आणि पाऊस यांच्यातलं नातं त्यात विनोदाच्या अंगानं येतं, आणि म्हणून जास्त लागतं. दीपा भाटियांचा 'नीरोज गेस्ट्स' विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर आहे. आणि शहराच्या स्वच्छतेचा विषय असेल तर 'देवकीनंदन गोपाला' (१९७७) चुकवू नका. गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, दिग्दर्शक राजदत्तही याच जिल्ह्यातल्या धामणगावचे, बाबांच्या भूमिकेत श्रीराम लागू. ज्यांचं नाव तुमच्या पदवीवर छापलं जाणार, त्यांच्या हातात झाडू होता. प्रत्येक चित्रपट दोनदा पाहा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मराठीत अरुण खोपकरांचं 'चलत् चित्रव्यूह' आणि पी. साईनाथ यांच्या पुस्तकाचा अनुवाद 'दुष्काळ आवडे सर्वांना' ही दोन पुस्तकं उशाशी असू द्या.

आता आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर. या अभ्यासाच्या जोरावर तिसऱ्या वर्षी लगेच पगार सुरू होईल असं मी सांगणार नाही. पुढचं शिक्षण धरूनच हिशोब करा. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते, ती कोणत्याही शाखेची चालते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत मीडिया अँड कल्चरल स्टडीज आणि शहरी धोरण असे दोन्ही रस्ते आहेत. अमरावतीतच भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथे पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यास होतो. बडनेऱ्याहून गाडीनं दोनेक तासांवर वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय आहे, तिथे फिल्म आणि थिएटरचा विभाग आहे. नगरनियोजक व्हायचं असेल तर मात्र नीट ऐका. बी.आर्क आणि बी.प्लॅन यांना बारावीत गणित लागतं, ते सोडलं असेल तर हा दरवाजा बंद. पण भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात एम.ए. केलं तर बऱ्याच संस्थांत एम.प्लॅनला प्रवेश घेता येतो. दोन वर्षं जास्त जातात, वाट मात्र आहे. आणि एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राला बी.एस्सी. हवी, कला शाखेतून तिथे उडी मारता येत नाही. कामं मिळतात ती पाणलोट आणि वनहक्काचं काम करणाऱ्या संस्थांत, नकाशे आणि सर्वेक्षण करणाऱ्या कंपन्यांत, माध्यमांत, महापालिकेच्या कंत्राटी पदांवर. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. नकाशा येणारा, मुलाखत घेता येणारा आणि मराठीत नेटकं लिहिणारा माणूस मात्र सहसा रिकामा बसत नाही.

पैशाची तजवीज जूनमध्येच करा. महाडीबीटीवर अर्ज मुदतीत भरला नाही म्हणून शिष्यवृत्ती हुकलेली मुलं दरवर्षी दिसतात. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम् (वरचं पोर्टल नव्हे, त्याच नावाची योजना), यांतली कोणती तुमच्या अभ्यासक्रमाला लागू होते ते कॉलेजच्या कार्यालयात आणि समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात, दोन्हीकडे विचारा. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींची शिक्षण शुल्काची पूर्ण माफी २०२४-२५पासून आहे, पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साध्या बी.ए.ला ती धरून हिशोब करू नका.

शेवटी झालेलं काम दाखवायचं कुठे? यूट्यूबवर टाकून मोकळे होऊ नका. आधी ज्यांच्यावर चित्रपट केला त्यांना दाखवा, चुका तेच सांगतील. कॉलेजात कॅम्पस फिल्म सोसायटी काढता येते, फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज तिला संलग्नता देतं. किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव पर्यावरणाचे चित्रपट राज्यभर दाखवतो. 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, २०१४पासून चालू आहे आणि विद्यार्थ्यांनी नीट केलेलं काम छापतं, मराठीतही. बाहेर पाठवताना इंग्रजी सबटायटल द्या. मात्र आवाजातली वऱ्हाडी पुसून तिला पुणेरी करू नका. 'करून राहिलो' असं माणूस म्हणाला असेल तर पडद्यावर तो 'करून राहिलो'च म्हणेल. सबटायटल लिहिताना एखाद्या शब्दावर अडलात तर, 'गाभ्रीचा' इंग्रजीत कसा आणावा असं वाटलं तर, घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलेल्या चारही छटा वहीत लिहून ठेवा.